चढावरच्या आठ धावा

आमच्या क्लबाचं मैदान जगातलं सगळ्यात तिरकं मैदान होतं, असं मी म्हणणार नाही. जग मी पाहिलेलं नाही. पण ज्यांनी पाहिलंय असे दोघंतिघं आमच्याकडे खेळून गेले आणि जाताना एकमेकांच्या खांद्याला धरून म्हणाले, "असलं कुठंच नाही बुवा!"

एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला लाँड्री, आणि टाकीकडून लाँड्रीकडे असा झकास उतार, की मैदानात ठेवलेला चहाचा कप एका बाजूनं सांडायचा आणि दुसऱ्या बाजूनं कोरडा राहायचा. खेळपट्टी त्या उतारावर आडवी. म्हणजे फलंदाज एका टोकाला उभा राहिला तर त्याचे चवडे टाकीकडे, चढावर. दुसऱ्या टोकाला गेला, की तोंड लाँड्रीकडे, टाचा चढावर. पाहुण्या संघांना पहिला तासभर नुसतं उभं राहायला लागायचा. आम्हाला काय, सवय! आमच्यातला कुणी सपाट रस्त्यावरून चालायला लागला तर लोक विचारायचे, "काय हो, बरं नाही का?"

क्लब काढला माझ्या थोरल्या भावानं. दादा शिंपी. गळ्यात माप घ्यायची फीत, ती सामन्यातही उतरायची नाही. समोरचा फलंदाज खेळायला आला, की दादा पहिल्या स्लिपमधून त्याला आपादमस्तक न्याहाळायचा आणि यष्ट्यांमागे उभ्या असलेल्या मला म्हणायचा, "खांदे अरुंद, पोट सुटलेलं. ह्याला पुल मारता येणार नाही. आखूड टाकायला सांग." आणि तसंच व्हायचं. अख्ख्या संघाचे पांढरे कपडे त्यानं एकाच ताग्यातून बेतले. शेवटच्या माणसाला कापड पुरलं नाही, तो शेवटपर्यंत अर्ध्या चड्डीत खेळला.

सुरुवातीला मोठी पंचाईत झाली. लाँड्रीकडे नुसती बॅट लावली तरी चेंडू थांबायचं नाव घ्यायचा नाही. सीमारेषा ओलांडायचा, लाँड्रीतल्या टबात डुबकी मारायचा आणि स्वच्छ होऊन बाहेर पडायचा. उलट टाकीकडे मारलेला चेंडू दमून अर्ध्यात थांबायचा, विचार करायचा आणि आपल्या पायांनी गोलंदाजाकडे परत यायचा. एकदा तर बेकरीवाल्यांच्या संघाचा एक पठ्ठ्या स्वतःच मारलेल्या चेंडूला अडखळून पडला आणि धावबाद झाला. मग दादानं नियम केला. लाँड्रीकडचा चौकार दोन धावांचा. टाकीकडचा आठ धावांचा! आठ म्हटल्यावर पोरंसोरं, म्हातारेकोतारे, सगळे टाकीवर बॅट उगारायला लागले.

आणि काय सांगू, काय जिंकलो आम्ही! टपाल खात्याला हरवलं. बेकरीवाल्यांना हरवलं. अग्निशमन दलाचा संघ घंटा बडवत गाडीतून आला आणि हरल्यावर घंटेला हातसुद्धा न लावता परत गेला. आमचा वेगवान गोलंदाज दातांचा डॉक्टर. रविवारी चेंडूनं जे काही हलवायचा, ते सोमवारी दवाखान्यात बसवून द्यायचा. समंजस संघ सामन्याआधीच सोमवारची वेळ घेऊन ठेवायचे.

"डॉक्टर, जरा हळू टाका हो," एकदा एक कारकून काकुळतीला आला होता, "सोमवारी मला सुट्टी नाहीये."

हे सगळं असं मजेत चाललेलं, आणि एके दिवशी लीगचे नवे सचिव आले.

गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. हे सचिव चालायचे तसे, म्हणून आम्ही त्यांचं नाव ओळंबा ठेवलं. त्यांनी खिशातून चेंडू काढला, खेळपट्टीवर ठेवला आणि हात बाजूला घेतला. चेंडू निघाला. ओळंबा बघत राहिले. चेंडू गेला, गेला आणि डुबुक!

"याला मैदान म्हणत नाहीत," ओळंबा म्हणाले. "याला घसरगुंडी म्हणतात."

"साहेब, आम्ही इथंच वाढलो," दादा म्हणाला.

"मुलं घसरगुंडीवरच वाढतात. पण आठ धावांचा चौकार? कुठल्या पुस्तकात आहे? घसरगुंडीवर झालेला सामना हा सामना नव्हे. तुमचे आजवरचे सगळे सामने रद्द. समजा, झालेच नाहीत."

दादाचा चेहरा मी पाहिला. माणसाचा कोट चुकीचा कापला गेला तरी हा कधी डगमगला नव्हता, हसत हसत त्याचं जाकीट करून द्यायचा. पण त्या दिवशी तो गळ्यातली फीत मुठीत घट्ट धरून उभा राहिला. लग्नाच्या दिवशी बोहल्यावरून थेट सामन्याला आलेला माणूस हा. त्याला सांगायचं, की तू ऐन तारुण्यापासून आजपर्यंत जे जे केलंस, ते झालंच नाही?

"झालेच नाहीत?" मागून वहिनी गरजली. ती दादाचा डबा घेऊन आली होती. "अहो, मग इतकी वर्षं दर रविवारी हे जायचे कुठं? मला कळू तर द्या!"

ओळंबा दोन पावलं मागे सरकले, म्हणजे उताराच्या बाजूला, आणि तोल जाऊन माझ्या अंगावर आले. त्यातून उठता उठता त्यांनी तोडगा काढला. नदीपलीकडच्या क्लबाचं मैदान बशीसारखं सपाट होतं आणि ते लागोपाठ लीग जिंकत आले होते. त्यांच्याशी त्यांच्या मैदानावर एक सामना. आम्ही जिंकलो तर मागचं सगळं मान्य. हरलो तर क्लबाचं नाव आणि आजवरचे सगळे विजय, दोन्ही कायमचे पुसणार. तेही तिथल्या तिथं, माईकवरून.

"आलो समजा!" दादा म्हणाला.

आता खरी गंमत. आमच्यातला एकही जण आयुष्यात सपाट मैदानावर खेळलेला नव्हता, हे सामना सुरू होईपर्यंत कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

नदीपलीकडे पोचलो तर जत्रेसारखी गर्दी. आम्ही ज्यांना ज्यांना हरवलं होतं ते सगळे हजर. टपालवाले, बेकरीवाले, अग्निशमनवाले, सगळे आमची फजिती बघायला बायकामुलांसकट आलेले. नदीपलीकडच्या संघाचा कप्तान औषधांच्या दुकानाचा मालक, गोरागोमटा, मिशीला तेल लावलेला. नाणेफेक जिंकून त्यानं फलंदाजी घेतली.

डॉक्टर धावत आले. आमच्याकडे यष्टीवर चेंडू टाकायचा तर टाकीच्या बाजूला हातभर बाहेर टाकायचा, पुढचं काम उतार करतो. डॉक्टरांनी इमानेइतबारे हातभर बाहेर टाकला. चेंडू हातभर बाहेरच राहिला. मी उडी मारली, पंचांनी दोन्ही हात पसरले. वाइड. पुढचा वाइड. त्याच्या पुढचाही वाइड! पंच बिचारे दिवसभर कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखे उभे.

"डॉक्टर, सरळ टाका!" दादा ओरडला.

"सरळच टाकतोय हो! मैदान वाकडं आहे!"

गोलंदाजांचं एक परवडलं. क्षेत्ररक्षकांनी कहर केला. आमच्याकडे खालच्या बाजूचा माणूस चेंडूमागे धावत नाही, चेंडूच त्याच्याकडे येतो. इथं औषधवाल्यानं कव्हरकडे हलकेच ढकललेला चेंडू मध्येच गवतात थांबला, आणि आमचा अर्ध्या चड्डीवाला सीमारेषेवर ओंजळ करून, वाकून, प्रेमानं त्याची वाट बघत उभा राहिला. ते पळतायत. एक, दोन, तीन...

"अरे, उचल की!" अख्खा संघ बोंबलला.

"येईल ना!" तो म्हणाला.

प्रेक्षक हसून हसून एकमेकांवर पडत होते. त्यांचा डाव संपला तेव्हा धावा दोनशेच्या जवळ पोचल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी आमच्याकडून भेट.

जेवणाच्या सुट्टीत कुणी डबाही उघडला नाही. दादा बाकावर बसून गळ्यातली फीत बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"संपलं," तो म्हणाला. "ह्या सपाटीवर मला बॅट कुठं धरायची तेच कळणार नाही. समोरचा माणूस तिरका दिसतोय मला."

तेव्हा कोपऱ्यातून "उं, उंम्म" असा आवाज आला. आमचा बूट शिवणारा. ह्याच्या ओठांत कायम चार खिळे धरलेले, जेवतानासुद्धा, त्यामुळे सगळे त्याला खिळेमामा म्हणायचे आणि त्याचं बोलणं आम्हाला निम्मंच कळायचं. तो गोलंदाजीतही "हाउज दॅट" न म्हणता "उंम्म" म्हणायचा आणि घाबरून पंच बोट वर करायचे. त्यानं तोंडातले खिळे हातावर काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"मैदान तिरकं करता येत नाही ना?" खिळेमामा म्हणाला. "मग पाय तिरके करू."

एक क्षण कुणाला काही उमगलं नाही. मग दादा ताडकन उठला. "चवड्याखाली चामडं!"

"नाहीतर टाचेखाली," खिळेमामा म्हणाला. "ज्या टोकाला उभं राहायचं त्याप्रमाणे."

मग जी धांदल उडाली! खिळेमामाची हातोडी, पिशवीतलं चामडं, कमी पडलं तेव्हा आमच्या दोन बॅगांचे पट्टे. दादानं फितीनं जाडी मोजली, कात्री चालवली. टकटक, टकटक! खेळपट्टीच्या एका टोकामागे झाड, दुसऱ्यामागे मोठं घड्याळ. झाडाकडच्या टोकाला खेळणारे ते चवडेवाले, त्यांच्या बुटांना पुढं जाड थर. घड्याळाकडच्या टोकाचे ते टाचावाले, त्यांना मागं थर. दादा स्वतः टाचावाला. बूट घालून तो उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि त्याचा चेहरा उजळला.

"घरी आल्यासारखं वाटतंय रे!"

"पण दादा," डॉक्टरांनी विचारलं, "मधूनच या टोकाचा त्या टोकाला गेला तर?"

"तर मेलो. म्हणून कुणीही एक धाव घ्यायची नाही. तीनही नाही. दोन किंवा चार. एक धाव घेणाऱ्याला मी स्वतः हाणीन!"

आणि आमचा डाव सुरू झाला. अहाहा! चेंडू येतोय, आमच्या पायांना उतार लागतोय, डोळ्यांना उतार दिसतोय, बॅट आपोआप जाते! पहिल्याच षटकात दोन सणसणीत चौकार. ऐन वेळी कळलं, की खेळ आम्हाला येतच होता, फक्त जमीन चुकली होती. एकेरी धाव सोपी असली तरी आमचे गडी जागेवरच उभे. गर्दी वेडीपिशी.

"अहो, पळा ना!" टपालवाले आता आमच्यासाठीच ओरडत होते. "कशाची वाट बघताय?"

चवडेवाला बाद झाला, की आत चवडेवालाच जाणार. टाचावाला बाद झाला, की टाचावाला. एकदा गडबडीत उलटा माणूस आत गेला, उभा राहताक्षणी तोंडावर आपटला आणि पायचीत. औषधवाला डोकं खाजवत राहिला. आपले गोलंदाज अचानक इतके वाईट कसे झाले, हे त्याला काही केल्या उमजेना. मी यष्टिचीत होऊन परत आलो. मला लाज नाही वाटत सांगायला, चामडं जरा जास्त लागलं होतं माझ्या पायाखाली. मी पुढं गेलो तो गेलोच, परत फिरता येईना.

शेवटचं षटक आलं. नऊ धावा हव्यात. शेवटची जोडी. घड्याळाकडच्या टोकाला दादा, घामानं न्हालेला, गळ्यात फीत. झाडाकडच्या टोकाला, फलंदाजीला, डॉक्टर. डॉक्टरांना बॅट आणि पक्कड यातला फरक फारसा कळत नसे.

पहिला चेंडू. डॉक्टरांनी डोळे मिटून फिरवली, चेंडू बॅटच्या कडेला लागून माझ्या वहिनीच्या डब्यापाशी. चौकार! दुसरा हवेत. म्हणजे बॅट हवेत. तिसऱ्यावर दोन धावा, पळून, बोंबलत, डॉक्टर दुसरी धाव पूर्ण करताना लोळत. चौथा परत हवेत. तीन धावा, दोन चेंडू! अग्निशमनवाल्यांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. वहिनी बाकावर उभी. "उगीच नाचू नका, डॉक्टर! दात बघितल्यासारखं बघा त्याच्याकडे!"

पाचवा चेंडू. डॉक्टरांनी खरंच तसं बघितलं. टण्ण! मिडविकेटकडे मस्त बसला. क्षेत्ररक्षक लांब. आणि डॉक्टर, त्या एका फटक्यानं स्वर्गात पोचलेले डॉक्टर, सगळं विसरले आणि सुटले.

"पळा, दादा! पळा!"

"एक नको! एक नको हो!"

पण ते निम्म्यात आलेले. दादाला पळावंच लागलं. पडत, धडपडत दादा झाडाकडच्या टोकाला पोचला. एक धाव. आता शेवटचा चेंडू, दोन धावा, आणि फलंदाजीला दादा. चुकीच्या टोकाला, चुकीच्या बुटात!

तो उभा राहायला गेला आणि पुढं कलला. सावरला, परत कलला. खिळेमामा हातोडी घेऊन आत धावला, तर पंचांनी अडवलं. "बूट दुरुस्त करायला आता वेळ नाही." दादानं एकदा आमच्याकडे बघितलं. मग खाली बसला, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट काढून यष्ट्यांमागे ठेवले. अनवाणी उभा राहिला.

माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा बॅट घेऊन सपाट जमिनीवर सपाट पायांनी उभा होता. त्यानं अंगठे गवतात रोवले, जमिनीची ओळख करून घेतल्यासारखे. चेंडू आला. दादानं तो सरळ मारला, गोलंदाजाच्या डोक्यावरून. काय तो फटका! असा सरळ चेंडू आमच्या क्लबात कुणी कधी मारलाच नव्हता. वर, वर, आणखी वर, सगळ्यांच्या माना मागं, आणि मग खाली यायला लागला आणि सीमारेषेवर औषधवाला पाठमोरा धावत, टोपी पडली, हात लांबवले...

झेल!

एका धावेनं हरलो.

दादा तसाच उभा राहिला. बॅट खांद्यावर, डोळे अजून आभाळात, तो चेंडू परत वर जाईल अशा आशेनं. मी त्याच्याजवळ गेलो, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर होईना.

ओळंबांनी माईक घेतला. खाकरले. "ठरल्याप्रमाणे, या क्लबाचं नाव लीगमधून काढण्यात येत आहे. तसंच त्यांच्या मैदानावर आजवर झालेले सर्व सामने झालेच नाहीत, असं मी जाहीर..."

"थांबा!"

औषधवाला. झेल घेतलेला चेंडू अजून हातात, मिशीला गवत चिकटलेलं.

"सर्व सामने म्हणजे? आमचेही?"

"अर्थात. सामनाच नाही, तर दोन्ही संघांचा नाही."

"अहो, पण माझं शतक?" औषधवाल्याचा आवाज चिरकला. "माझं आयुष्यातलं एकुलतं एक शतक ह्यांच्या मैदानावर झालंय! एकशे दोन! टाकीवर पाच चौकार मारलेत मी, पाच!"

"ते आठ-आठचे धरून," ओळंबा म्हणाले. "चारचे धरलेत तर ब्याऐंशी होतात. तसंही ते झालेलंच नाही."

"ब्याऐंशी!" औषधवाला किंचाळला. "अहो, त्या शतकावर सासऱ्यांनी मला मुलगी दिली!"

तिकडे बाकांवरून त्याची बायको उठली. "अहो, बोला की! नुसते उभे काय? बाबांना मी काय सांगू आता?"

मग जे सुरू झालं! टपाल खात्याचा म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याची एकमेव हॅटट्रिक आमच्या उतारावर होती. बेकरीवाल्यांनी तिथं कुणाला तरी शून्यावर पाडलं होतं, तो विषय रोज भट्टीपुढं निघायचा. अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला, "आम्ही हरलो, मान्य. पण मी चढावर पळत घेतलेला तो झेल पुसाल, तर इथंच पाण्याचा पाइप सोडीन!" खुद्द पंचांनी डोक्यावरची टोपी काढली. "साहेब, माझे पहिले पाच बळी तिथलेच आहेत. मी तरी गप्प कसा बसू?"

जो तो ओळंबांभोवती. इतकी वर्षं आमच्याकडून मार खाल्लेले सगळे लोक आमच्याच सामन्यांसाठी हमरीतुमरीवर आलेले! ओळंबा गर्दीत असे दाबले गेले, की आयुष्यात पहिल्यांदा तिरके झाले.

आणि दादा? दादा इतका वेळ नुसता ऐकत होता. मी बघितलं, त्याच्या ओठाचा एक कोपरा हळूच वर गेला. लहानपणापासून ओळखतो मी तो कोपरा. तो अनवाणीच गर्दीत शिरला, माईकपाशी गेला आणि सुस्कारा टाकून म्हणाला,

"राहू द्या हो. साहेबांनी म्हटलंय ना, पुसा. पुसून टाका. आमचं काय जातंय?"

"दादा, असं नका बोलू!" औषधवाल्यानं त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, पाया पडतो!"

"नाही, नाही. नियम म्हणजे नियम. घसरगुंडीच ती."

"कोण म्हणतं घसरगुंडी?" टपालवाल्या म्हाताऱ्यानं काठी उगारली. "उत्तम मैदान आहे! जरा चढ आहे, इतकंच!"

ओळंबांनी सगळीकडे बघितलं. पळायला वाट नव्हती. त्यांनी माईक तोंडाशी नेला, घाम पुसला, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या मैदानावर जे सामने झाले, ते झाले होते, असं लीगतर्फे जाहीर करण्यात येत आहे."

"आणि आठ धावा?" दादानं विचारलं.

"आठ... आठ धरण्यात येत आहेत."

घंटा! शिट्ट्या! डॉक्टरांना लोकांनी खांद्यावर घेतलं, का ते डॉक्टरांनाही कळलं नाही. खिळेमामा हसता हसता खिळे गिळता गिळता वाचला. वहिनी माझ्या पाठीत गुद्दे घालत होती, कारण दादा हाताला लागत नव्हता. औषधवाला बायकोला लांबूनच ओरडून सांगत होता, "एकशे दोन! कायम! एकशे दोन!"

"एक मिनिट," दादा म्हणाला.

औषधवाला वळला.

"सामना झाला होता, हे आता ठरलं ना? लीगनंच जाहीर केलं?"

"हो, हो, ठरलं की!"

"मग ऐक. त्या शतकाच्या डावात तू तीसेक धावांवर असताना झेलबाद होतास. कड लागली होती. मी स्लिपमध्ये घेतला होता, जमिनीपासून चांगला वीतभर वर."

"काय बोलताय दादा! टप्पा पडला होता!"

"कुठं पडला? दाखव कुठं पडला!"

"बॅटला लागलाच नव्हता मुळात!"

"बघा! आत्ता म्हणतो टप्पा पडला, आत्ता म्हणतो लागलाच नाही! पंच, तुम्ही होतात ना तिथं?"

पंचांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि भराभर चालायला लागले. पण दादानं औषधवाल्याची बाही पकडली होती, औषधवाल्यानं दादाची फीत, आणि दोघंही एकाच वेळी खाली वाकून त्या सपाट गवतावर बोटांनी दाखवत होते, की स्लिप कुठं होती, चेंडू कुठून आला आणि टाकी कोणत्या बाजूला होती.